पलीकडच्या खोलीतली वाफ

१

थंडी पडायच्या आधी आमच्या वस्तीत प्रत्येक खिडकीला आणखी एक खिडकी बसवतात. आतली तावदानं असतातच. त्यांच्या बाहेर वीतभर अंतर सोडून दुसरी, मधल्या जागेत कापसाचा जाड पट्टा, कडेने लांबी, म्हणजे काच पक्की धरणारा खडू-तेलाचा लगदा. उन्हाळा आला की बाहेरची तावदानं उतरवून माळ्यावर टाकायची. हे चढवणं-उतरवणं माझ्याकडे आहे.

शहरात मी मोठ्या दुकानांच्या काचा बसवायचो. तिथे मला कुणी नावाने ओळखत नव्हतं. इथे सगळे ओळखतात, पण नावाने इथेही नाही. लहानपणी हातोडी हाती लागली की मी दिसेल तिथे खिळे ठोकत सुटायचो, म्हणून आत्याने मला ठोक्या म्हणायला सुरुवात केली आणि वस्तीने ते आनंदाने उचललं. आता डोक्यावर पांढरे केस दिसायला लागलेत, तरी मी ठोक्याच.

मागच्या वर्षी जुन्या काचवाल्याने निरोप पाठवला, ‘हात थरथरतात, ठोक्याला बोलवा.’ मी आलो, त्याने हत्यारांची पेटी माझ्या ताब्यात दिली आणि थंडी संपायच्या आत म्हातारा गेला. पण हे आपलं सांगायचं निमित्त. मी आलो तो आत्यासाठी. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, धपाटे घालून आणि दुप्पट खायला घालून. तिची छाती भरायला लागल्याचं कळलं तेव्हा शहरात माझं लक्ष लागेना.

काम तसं सोपं. काच चौकटीत घालण्याआधी तिच्यावर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडायची आणि मऊ फडक्याने पुसायची. वाफेत बोटांचे ठसे, तेलाचे डाग सगळं उघडं पडतं. शहरातल्या उस्तादाने मला हेच पहिलं शिकवलं. जुना काचवाला असं कधी करत नसे, तो आपला ओलं फडकं फिरवायचा. मला वाटे, म्हाताऱ्याचा आळस. मी ‘हा’ केला की वस्तीतली जुनी माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची. लहान मुलाला गाणं म्हणताना बघतात ना, तशी. मी आपला खूश व्हायचो.

२

वस्तीचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. लिहिला असता तरी एका पानात संपला असता.

आधी नदी होती. मग नदीच्या पलीकडे लाकूड कापायची गिरणी आली, आणि गिरणीत काम करणाऱ्यांसाठी अलीकडे आमच्या घरांची ही एक रांग उभी राहिली. मध्ये पूल. सकाळी भोंगा झाला की प्रत्येक घरातून एकदोन माणसं डबा घेऊन पलीकडे जायची, संध्याकाळी भोंगा झाला की परत यायची. अशी बरीच वर्षं गेली. मग कुठेतरी दूर, आमच्यापैकी कुणीही न पाहिलेल्या टेबलावर, कुणीतरी नकाशात रेघ ओढली आणि ती नेमकी नदीतून गेली. एका दुपारी पुलाच्या मधोमध आडवा ओंडका आणि बंदूकवाले शिपाई उभे राहिले. संध्याकाळी पलीकडे भोंगा झाला, रोजच्यासारखाच. पुलावर कुणी आलं नाही.

ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. मी ती पोस्टमनकाकांकडून ऐकली आहे. ते तेव्हा नुकते नोकरीला लागले होते आणि त्यांची मोठी बहीण दिवसपाळीला गिरणीत होती. गिरणीतल्या माणसांना ट्रकमधून कुठेतरी आत नेलं म्हणतात. कुठे, ते अजून कळलेलं नाही. गिरणीचं छप्पर बसलं, अंगणात झाडं उगवली. काकांनी सगळी हयात वस्तीत पत्रं वाटली, पण पलीकडचं एकही त्यांच्या पिशवीत आलं नाही. ‘मी माझ्या हाताने तिला टाकलेली पंचवीसेक तरी असतील,’ एवढं बोलून ते मिशीवरून हात फिरवतात आणि विषय बदलतात.

त्या संध्याकाळनंतर प्रत्येक घराने एक खोली ठेवली. नदीच्या बाजूची, उत्तरेची. अंथरूण घातलेलं, चादर धुतलेली, खुंटीवर कोट. आज ना उद्या येतील, आले की दमलेले असतील. त्या खोलीला सगळे पलीकडची खोली म्हणतात. तिच्यात शेगडी पेटवत नाहीत, पण रोज झाडतात. तिच्या खिडकीला बाहेरची तावदानं लावत नाहीत, कारण ती खिडकी उघडता आली पाहिजे.

सरकारने दोनदा खाली शहराजवळ पक्की घरं देऊ केली. नळाचं पाणी, दारात बस. वस्तीतून कुणी हललं नाही. विचारलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणाच्या कोंबड्या, कुणाचा गुडघा, कुणी नुकताच माळा दुरुस्त केलेला. आत्याने सरकारी साहेबाला तोंडावर सांगितलं, “तुमच्या खिडक्या फार लहान आहेत हो. माणसाने बघायचं कुठून?”

३

आत्याच्या घरात सगळ्यात मोठी खिडकी पलीकडच्या खोलीला आहे. तीही एका भांडणातून आलेली. आतोबांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मोठी खिडकी हवी होती, हिला थंडीची भीती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पूल बंद झाला त्या दिवशी सकाळी दोघांची याच्यावरून चांगली जुंपली आणि आतोबा गळपट्टा न घेता तरातरा गिरणीत गेले. पुढच्या उन्हाळ्यात आत्याने भिंत फोडून खिडकी जवळजवळ जमिनीपर्यंत मोठी करून घेतली.

“आला की आधी माफी मागेल,” ती अजून म्हणते, “मगच ताट वाढेन. आणि खिडकीचं मी स्वतःहून काही बोलणार नाही. त्याला दिसेलच.”

या वर्षी गारा पडल्या आणि त्या खिडकीची एक काच तडकली. बदलायला मी आत गेलो. लहानपणी मला त्या खोलीत सोडत नसत, वारा लागेल म्हणून. पलंग, खुंटीवर कोट, उशाला घडी घातलेला तो गळपट्टा. खोली इतकी गार की माझा श्वास मला दिसत होता. मी पडदा सरकवला. तडकलेल्या काचेच्या शेजारची काच आतून ओली होती.

सगळी नव्हे. पलंगाच्या कडेला बसून कुणी बाहेर बघितलं तर तोंड जिथे येईल तिथे ताटलीएवढा गोल. कडेला धूसर, मध्ये दाट.

माझा धंदाच काचेचा. काच कशाने ओली होते हे मला कुणी सांगायला नको. बाहेर गार, आत ऊब, आत कुणाचा तरी श्वास नाहीतर पाण्याची वाफ. इथे ऊब नव्हती. दार बंद, स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. म्हटलं, ओल असेल. गारांचं पाणी चौकटीत शिरलं असेल. मी चौकट चाचपली, कोरडी ठणठणीत. मी गोल पुसला, नवी काच बसवली, जुनी लांबी खरवडून नवी भरली. हत्यारं आवरून निघताना सहज मागे वळून बघितलं. गोल पुन्हा होता, तिथेच.

“आत्या, तिकडच्या काचेला ओल येतेय.”

“येऊ दे,” शेगडीपाशी बसलेली आत्या म्हणाली. “तू पुसलीस?”

“पुसली.”

“नको पुसत जाऊ,” ती म्हणाली, आणि मला चहात साखर किती हे विचारलं, जे तिला माझ्या जन्मापासून माहीत आहे.

४

नर्सबाई खालच्या दवाखान्यातून आठवड्याला एकदा बसने येतात. खणखणीत बाई, वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दम भरून जातात. बाहेरच्या गारठ्यातून आत्याच्या स्वयंपाकघरात आल्या की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरते आणि त्या दारातच आंधळ्यासारख्या उभ्या राहून बोलायला लागतात. त्या दिवशी त्यांनी आत्याची छाती तपासली आणि मला ओसरीत बोलावलं.

“श्वास फार उथळ झालाय. वय आहेच, पण एवढा उतार माझ्या हिशोबात बसत नाही. घरात ऊब किती असते?”

“शेगडी दिवसभर असते.”

“आणि ती मागची खोली? दाराच्या फटीतून बर्फासारखा वारा येतो. ती बंद करा. फळ्या ठोका, फटी बुजवा. नाहीतर ही थंडी त्या काढतील असं मला वाटत नाही. स्पष्टच सांगते.”

नर्सबाई उगाच घाबरवणाऱ्यातल्या नव्हेत.

त्या गेल्यावर मी आत्यासमोर बसलो. ती चष्मा पुसायला घेत होती. आत्याची चष्मा पुसायची एक पद्धत आहे. आधी उजेडात धरायचा, मग नाक मुरडायचं, मग भिंगावर ‘हा’ करायचा आणि स्वेटरच्या बाहीने घासायचा. तिने ‘हा’ केला. भिंग तसंच राहिलं. पुन्हा केला, जरा जोर लावून. भिंग स्वच्छ, कोरडं. खिडकीतला उजेड त्यातून आरपार.

तिने हसून चष्मा माझ्यापुढे धरला. “तू कर रे. माझी वाफ आताशा पुरत नाही.”

मी केला. भिंग एका झटक्यात पांढरं झालं. पुसून तिला दिलं. ती बसते त्या खिडकीची काच मी बघितली. तिथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते, काचेपासून हातभर अंतरावर. काच कोरडी. म्हटलं, दुहेरी खिडकी आहे, मीच बसवली आहे, माझं काम चांगलं आहे. हे स्वतःला दोनदा सांगितलं. पण चष्म्याला दुहेरी काच नव्हती.

“आत्या, ती खोली या थंडीपुरती बंद करू या.”

“नाही.”

“नर्सबाई म्हणतात…”

“नर्सबाईंचं कोण आहे तिकडे?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ठोक्या, तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. ते दार बंद करायचं नाही, बस.”

मी मान हलवली. मान हलवताना मला माहीत होतं की मी ऐकणार नाही. हिच्याशिवाय मला कोण होतं?

५

पुढच्या आठवड्यात नर्सबाई आत्याला छातीचा फोटो काढायला खाली घेऊन गेल्या. बस वळणाआड गेली आणि मी फळ्या काढल्या. पलीकडच्या खोलीत एकदा डोकावलो. काचेवर गोल होता. त्याच्याकडे पाठ करून मी दार ओढलं, आडव्या फळ्या ठोकल्या, फटींमध्ये कापूस कोंबला, वरून लांबी फिरवली. काम अगदी नेटकं झालं. तासाभरात स्वयंपाकघर असं उबदार झालं की मी स्वेटर काढून ठेवला.

आत्या परत आली, दारात थांबली, फळ्यांकडे बघितलं. मला वाटलं आता भांडं फेकून मारेल. तिने चपला काढल्या, जागेवर जाऊन बसली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

म्हणजे सरळ बोलणं. ती शेगडीशी बोलायची. “शेगडीबाई, सांगा त्याला, चहा झालाय.” “शेगडीबाई, त्याला म्हणावं, डोक्याला तेल लाव, झाडू झालाय केसांचा.” मीही शेगडीलाच उत्तर द्यायचो. हसू यायचं.

पण ती सुधारली. डोळ्यांनी दिसेल इतकी सुधारली. गालावर रंग आला, एका दमात उठायला लागली, भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. एका सकाळी तिने चष्मा काढला, उजेडात धरला, नाक मुरडलं, ‘हा’ केला. भिंग पांढरं झालं. मी आनंदाने ओरडणारच होतो. ती मात्र त्या पांढऱ्या भिंगाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहीने पुसायच्या आधी तिने ती वाफ आपोआप विरेपर्यंत वाट बघितली.

“शेगडीबाई,” ती हळूच म्हणाली, “त्याला विचारा, तिकडून काही ऐकू येतं का.”

मी दाराला कान लावला तो तिची समजूत काढायला. फळ्यांमागे काही नव्हतं. पत्र्यावरून बर्फ घसरल्याचा आवाज, लाकूड आकसल्याचा. मी कान काढणार एवढ्यात ते ऐकू आलं. खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, दाराच्या अगदी पलीकडे. कुणीतरी फार थोडी हवा ओठांनी ओढून घेत होतं. गरम चहाचा घोट घेताना ओढतात तेवढी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तेवढीच.

“काय?” आत्या शेगडीला विसरून थेट मला म्हणाली.

“काही नाही. वारा आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

६

मी मागच्या वाटेने गेलो. घरांच्या पाठी आणि नदीकाठचं तारेचं कुंपण यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. तिथून कुणी जात नाही, मलाही कधी जावं लागलं नव्हतं, कारण त्या बाजूच्या खिडक्यांना मी हात लावत नाही, आत्याची काचही आतूनच बसवली होती. लख्ख ऊन होतं. बर्फावर माझ्या बुटांशिवाय दुसरा आवाज नव्हता.

पहिलं घर पोस्टमनकाकांचं. त्यांच्या पलीकडच्या खोलीच्या काचेवर आतून एक गोल होता. छातीच्या उंचीवर, लहानखुऱ्या बाईने उभं राहून बघावं तिथे. पुढचं घर जुन्या काचवाल्याचं, तिथे आता त्याची सून राहते. दोन गोल, शेजारी शेजारी. पुढच्या घरी एक, अगदी वर, उंच माणसाचा. त्याच्या पुढच्या घरी गोलात बोटाने पुसल्यासारखी जागा होती, बाहेरचं नीट दिसावं म्हणून पुसतो तशी. मी घरामागून घर चालत गेलो आणि प्रत्येक खिडकी नदीकडे बघत होती. मला कोंबड्या आठवल्या, गुडघे आठवले, नवा माळा आठवला. ही सगळी माणसं सरकारशी किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलली होती!

माझं मन अजून हिशोब मांडत होतं. एकाच कारागिराने बांधलेली घरं, एकाच मापाच्या खिडक्या, एकाच नदीची ओल. असा हिशोब मांडत मी शेवटच्या घरापाशी आलो.

आत्याच्या मोठ्या खिडकीवर गोल नव्हता. काच स्वच्छ होती, पलंग दिसत होता, खुंटीवरचा कोट दिसत होता. गळपट्टा उशाशी नव्हता. मी काचेला हात लावून आत बघितलं. खोलीत कुणी नव्हतं हे मी शपथेवर सांगेन.

मग खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे मी नवी लांबी भरली होती तिथे मला ते दिसलं. नाण्याएवढी वाफ. आली, आणि गेली. मी थांबलो. पुन्हा आली, पहिल्यापेक्षा लहान. जमिनीवर आडवं पडून कुणी तोंड फटीपाशी आणलं असेल, तर ती तिथेच येईल. ती पुन्हा गेली. मी मोजलं नाही, पण पुढची यायला इतका वेळ लागला की माझाच जीव गुदमरला.

मी पळत सुटलो.

७

फळ्या काढायला पटाशी शोधत बसलो नाही, हातोडीच्या मागच्या बाजूने उपटल्या. आत्या उठून उभी राहिली होती. दार उघडलं तसा गारठा स्वयंपाकघरात शिरला आणि शेगडीतली ज्योत झुकली. आत्याने भिंतीचा आधार घेतला. तिचा श्वास लगेच आखूड झाला, माझ्या डोळ्यांदेखत.

“आत्या, असं करून तू मरशील,” मी म्हणालो. मी रडत होतो, ते लपवायचं मला सुचलं नाही.

“मरेन तेव्हा मरेन. तो गळपट्टा न घेता गेलाय रे,” ती म्हणाली. “एकाच्या श्वासात दोघांचं भागवायचं म्हणजे ओढाताण होणारच. तुझ्यावर राग नाही माझा. तू लहान आहेस.”

मी तिला खुर्चीत बसवलं, पायांवर घोंगडी टाकली आणि पलीकडच्या खोलीत गेलो. पलंगाच्या कडेला बसलो. गळपट्टा खिडकीखाली जमिनीवर होता, बोळा झालेला. तो उचलून उशाशी ठेवला. ज्यांच्याशी आयुष्यात बोललो नाही त्यांना काय म्हणायचं?

“आतोबा,” मी म्हणालो, “खिडकी मोठी केलीय. बघितलीत ना?”

मग काचेजवळ गेलो आणि माझ्या धंद्यात जे रोज करतो ते केलं. मोठा श्वास घेतला, ‘हा’ करून काचेवर सोडला आणि फडकं खिशातच राहू दिलं. चांगला परातीएवढा गोल उठला. तो विरायची मी वाट बघितली. विरला नाही. तो थोडा आकसला, मग थोडा पसरला. पुन्हा आकसला, पुन्हा पसरला, संथ, दमून झोपलेल्या माणसाचा होतो तसा. मी त्या वेळी श्वास रोखून धरला होता.

बाहेरून आत्याने हाक मारली, “ठोक्या, चहा टाकू?” तिचा आवाज खणखणीत नव्हता, पण सरळ मला उद्देशून होता.

८

तेव्हापासून मी रोज काम संपल्यावर तिकडे बसतो. आत्या दारात खुर्ची ओढून घेते आणि आम्ही तिघं गप्पा मारतो, म्हणजे ती बोलते. आतोबांच्या तक्रारी ती आता मला सांगते आणि माझ्या त्यांना. ती ठणठणीत नाही, पण थंडीने निम्मा रस्ता ओलांडला आणि ती आहे. नर्सबाई चक्रावल्या आहेत. फळ्या काढलेल्या बघून त्या माझ्यावर डाफरल्या, आणि मग आत्याच्या छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. मला मात्र म्हणाल्या, “तुम्ही का वाळताय? खाता की नाही नीट?”

काल पोस्टमनकाकांकडे गेलो होतो. वाऱ्याने त्यांच्या स्वयंपाकघराची काच फुटली होती. काच मापाने कापली, कडा घासल्या, उजेडात धरली आणि सवयीने ‘हा’ केला.

काच तशीच राहिली. मला वाटलं नीट झाला नाही. पुन्हा केला, पोटापासून. काचेतून काकांचं अंगण दिसत होतं, वाळत घातलेले कपडे, कुंपण, सगळं स्पष्ट.

काका हातातला कप ठेवून माझ्याकडे बघत होते. मागच्या वर्षी सगळे बघायचे तसेच, पण या वेळी त्या बघण्याचा अर्थ मला कळला. ते उठले, कपाटाच्या खणातून एक फडकं काढलं, बादलीत भिजवलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. मऊ, वापरून विरलेलं, कडेला लांबीचे डाग.

“जुन्या काचवाल्याचं आहे,” काका म्हणाले. “तुझ्यासाठी ठेवून गेला होता. म्हणाला, घाई करू नका, मागेल तेव्हा द्या.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो काढला नाही.

“आत्या कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणालो. “आज सकाळी चष्म्यावर वाफ आली होती तिच्या. थोडीशी, पण आली होती.”

“मग झालं तर,” काका म्हणाले.

मी ओल्या फडक्याने काच पुसली आणि चौकटीत बसवली.